आवाज गेले, मग आता हा उठत का नाही?

पत्र:

ताई, माझा धाकटा भाऊ २० वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग सेकंड इयर, आता वायडी लागलीये, म्हणजे वर्ष वाया गेलंय. मागच्या दिवाळीच्या आसपास तो सांगायला लागला की पीएमटीत लोक त्याच्याकडे बघून बोलतात आणि रात्री पंख्याच्या आवाजात कुणीतरी त्याचं नाव घेतं. "मला माहितीये खरं नसणार, पण वाटतं" असं तोच म्हणायचा. मी त्याला सायकिअ‍ॅट्रिस्टकडे नेलं. ते म्हणाले हा सायकोसिस (भास-संशय खरेच वाटायला लागतात तो आजार) नाही, पण पुढे होण्याची रिस्क आहे, थेरपी सुरू करू, दर महिन्याला दाखवा. गोळ्या दिल्या नाहीत. आता त्या हाका वगैरे जवळजवळ बंद झाल्यात, पण हा मुलगा काहीच करत नाही. दुपारी १२ ला उठतो, चार-चार दिवस आंघोळ नाही, मित्रांचे फोन घेत नाही, विचारलं की "हं", "ठीके", "माहीत नाही". अकरावीपासून ढोल पथकात होता, यंदा वाद्यपूजनालाही गेला नाही. मागच्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरून पडली तर हा दारात उभा राहून नुसता बघत होता, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही, ते आईच्या फार मनाला लागलंय. (त्या रात्री आईच्या उशाशी मलमाची ट्यूब होती, मी ठेवली नव्हती.) बाबा म्हणतात गोळ्या दिल्या नाहीत म्हणजे आजारच नाही, आवाज पण गेले, आता हा निव्वळ आळस आणि मोबाईल. मी नेटवर वाचून वाचून घाबरलेय. तो वेडा होणार का? त्याला बळजबरीने पथकात पाठवू का? आणि मला बंगलोरची ऑफर आलीये, जाऊ का नको?
— मोठी बहीण, सहकारनगर, पुणे

उत्तर:

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा त्या कंसातल्या ट्यूबपाशी थांबले. तिच्याकडे येतेच, पण आधी बाबांचं घेऊ, कारण घरातला निम्मा गोंधळ तिथून सुरू झालाय.

गोळ्या नाहीत म्हणजे आजार नाही हे आपल्याकडचं जुनं गणित आहे, डॉक्टरकडून रिकाम्या हाताने बाहेर आलो की फी वाया गेली असंच वाटतं लोकांना. खरं म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी केलं ते अगदी नियमाला धरून आहे. ब्रिटनमध्ये नाइस म्हणून सरकारी संस्था आहे, कुठल्या आजाराला काय उपचार द्यायचे ते ठरवणारी, तिच्या २०१४ च्या सूचनांत सरळ लिहिलंय की ज्यांना सायकोसिस झालेला नाही, नुसता धोका आहे, त्यांना तो टळावा म्हणून अँटिसायकोटिक गोळ्या देऊ नका, सीबीटी द्या, म्हणजे ती विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची थेरपी, आणि जमेल तिथे घरच्यांनाही सोबत घ्या. तेव्हा गोळी न देणं हासुद्धा विचार करून घेतलेला निर्णय असतो हे बाबांना सांग. (आणि उद्या डॉक्टरांना काही वेगळं दिसलं आणि त्यांनी गोळी दिली तर "त्या सदरातल्या ताई नको म्हणाल्या" असं माझं नाव पुढे करू नकोस हं, तो निर्णय त्यांचा.)

आता तुझा मोठा प्रश्न. पहिलं म्हणजे वेडा हा शब्द घरात अजिबात काढू नका, दार लावलेलं असलं तरी ऐकू जातं. दुसरं म्हणजे याचे खरेखुरे आकडे आहेत. १९९४ मध्ये मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन युंग वगैरे डॉक्टरांनी पेस नावाचं क्लिनिक काढलं, खास अशा मुलांसाठी, जी अजून आजारी नाहीत पण काहीतरी बिनसलंय. त्यानंतर जगभर अशी क्लिनिकं निघाली आणि तिथे आलेल्या मुलांचं पुढे काय होतं ते वर्षानुवर्षं नोंदलं गेलं. २०१२ मध्ये हे अभ्यास एकत्र केले तेव्हा ३ वर्षांत सायकोसिस झालेले ३६ टक्के निघाले, २०२१ मध्ये आणखी अभ्यास धरून परत हिशोब केला तर २५ टक्के, म्हणजे चारात एक. बाकीच्या तिघांना त्या ३ वर्षांत तो होत नाही. तुझ्या भावाच्या बाबतीत हो की नाही हे तुला कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही, आणि जो सांगेल, मग तो ज्योतिषी असो नाहीतर यूट्यूबवाला, त्याच्यापासून लांब राहा.

पण ऐक, हा आकडा ऐकून घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि तिथेच फसतात. कारण त्या तिघांमधले बरेच जण सायकोसिस न होताही अडकून पडतात, कॉलेज अर्धवट, मित्र तुटलेले, नोकरी टिकत नाही. आणि हे कुणाचं होतं ते बघायला गेलं तर हाका, संशय यांच्यापेक्षा न उठणं, न बोलणं, माणसं टाळणं या गप्प लक्षणांशी त्याचा संबंध जास्त सापडतो. अमेरिका-कॅनडातल्या अशा मुलांच्या एका अभ्यासात दहातल्या आठ जणांत यातलं किमान एक लक्षण ठळक होतं. म्हणून मी लोकांना तो वेडा होईल का हा प्रश्न जरा बाजूला ठेवायला सांगते आणि उलट विचारते की परवाच्या मंगळवारी तो सकाळपासून रात्रीपर्यंत काय करत होता? मंगळवारच का, तर रविवारी सगळेच लोळतात. तुझ्या भावाचा मंगळवार रिकामा आहे. काम तिथे आहे, आणि हाका बंद झाल्या म्हणून ते संपलेलं नाही.

या लक्षणांना निगेटिव्ह लक्षणं म्हणतात आणि या नावाने मराठी घरांत फार घोटाळा केलाय. निगेटिव्ह म्हटलं की आपल्याला वाटतं निराशेचे विचार, मग चला, याला पॉझिटिव्ह करू. एका काकांनी तर हे ऐकल्यावर रोज सकाळी ७ ला मुलाच्या खोलीबाहेर मोठ्याने मोटिव्हेशनल भाषणं लावायला सुरुवात केली, चांगल्या हेतूनेच हो, पण त्या पोराने कानात कापूस घालून झोपायची सवय लावून घेतली. इथे निगेटिव्ह म्हणजे वजा, असायला हवं त्यातलं काहीतरी कमी झालंय. भास आणि संशय ही पॉझिटिव्ह लक्षणं, म्हणजे नको ते जास्तीचं आलंय. आता तुझंच पत्र बघ. उठायची, आंघोळीची, कामाला हात घालायची ओढ वजा. बोलणं वजा, म्हणून "हं" आणि "ठीके". माणसांत जावंसं वाटणं वजा. वाद्यपूजनाची आतुरता वजा. आणि चेहऱ्यावरचे हावभाव वजा.

या शेवटच्यावर जरा थांबते. चेहरा हलला नाही म्हणजे आत काही हललं नाही असं आपण धरून चालतो, कारण आपल्याकडे माया चेहऱ्यावर आणि तोंडावर असते, "अगं बाई, लागलं का गं" असं धावत येऊन म्हटलं की ती माया. पण स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचाच लांब चालणारा आजार) असलेल्या लोकांवरच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय की त्यांचा चेहरा कमी हलतो तरी आतून त्यांना इतरांइतकंच वाटत असतं, वाटणं आणि दिसणं यांची तार सैल झालेली असते. तुझा भाऊ तिथवर गेलेला नाही, पण तार हीच. ती ट्यूब बाबांनी ठेवली का विचार. त्यांनी ठेवली नसेल तर कुणी ठेवली ते तुला कळलं, आणि आईलाही कळू दे, पण त्याच्यासमोर "बघा, माझ्या सोन्याने ट्यूब ठेवली" असा समारंभ करू नका, तो लाजून पुन्हा कवचात जाईल.

आता आळस. बाबांशी वाद घालू नकोस, एक खूण सांग. आळशी माणूस अभ्यास टाळतो पण मॅच, पार्टी, ट्रिप कधी टाळत नाही, आळशाला मजा हवीच असते. जो मुलगा गणपतीच टाळतोय त्याला आळशी म्हणणं हिशोबातच बसत नाही. आणि मोबाईलचं म्हणशील तर त्यात रमलाय म्हणून तो घेऊन बसत नाही बहुतेक, सगळ्यात कमी ताकद लागणारी गोष्ट तेवढीच उरलीये, अंगठा हलवायचा फक्त. तो काढून घेतलात तर मंगळवार आणखी रिकामा होईल, बाकी काही होणार नाही.

माझ्याही घरचं सांगते. माझा एक मामेभाऊ होता, वाड्यात राहायचे ते लोक, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला हळूहळू असाच खाटेला चिकटला. आम्ही सगळे त्याला "जावईबापू" म्हणून चिडवायचो, खातोय आणि झोपतोय म्हणून. मीपण. पाच वर्षांनी डॉक्टर दिसला त्याला, तोही रस्त्यात कुणाच्या तरी अंगावर धावून गेला तेव्हा. तू भावाला पहिल्या चार-सहा महिन्यांत नेलंस, त्या आमच्या पाच वर्षांच्या मानाने बघ.

आता करायचं काय. २००७ मध्ये डेव्हिड गार्ड, अ‍ॅन क्रिंग यांच्या गटाने स्किझोफ्रेनियात आनंद नेमका कुठे अडतो ते तपासलं, तर गंमत अशी निघाली की समोर आलेल्या गोष्टीची मजा त्या लोकांना बरीचशी येते, अडतं ते "मजा येईल" असं आधी वाटण्यात. आणि आधी वाटलंच नाही तर माणूस जागचा उठेल कशाला? याच्यावर थेरपिस्ट एक साधी युक्ती वापरतात, ती घरी करता येते. मिसळ खायला जायचंय समज. निघण्याआधी त्याला विचार, १० पैकी किती मजा येईल? तो म्हणेल १, फार तर २. वाद घालू नकोस, वहीत लिही. खाऊन आल्यावर परत विचार. ४ म्हणाला तर तेही लिही, आणि "बघ, मी म्हटलं नव्हतं" हे वाक्य गिळून टाक. आठ-दहा नोंदी झाल्या की वही त्याच्यासमोर ठेव, त्याचा अंदाज दर वेळी दोन-तीन मार्कांनी खाली चुकतोय हे त्याचं त्याला दिसू दे. न दिसलं, आकडे खालीच राहिले, तर ती वही थेरपिस्टकडे ने, त्यांना त्यातून बरंच कळेल.

दुसरी अडचण ओढीची नसून हिशोबाची आहे. अ‍ॅरन बेक, ज्यांनी ही कॉग्निटिव्ह थेरपी उभी केली, ते आणि पॉल ग्रँट यांनी दाखवलं की अशा लोकांच्या मनात एक वाक्य पक्कं बसलेलं असतं, थोडंफार जमलं तर त्याला अर्थ नाही, नीट जमणार नसेल तर करूच कशाला. वायडी लागलेल्या मुलाच्या डोक्यात हे वाक्य किती जोरात वाजत असेल बघ. आणि नेमकं तेच वाक्य बाबा रोज जेवताना मोठ्याने म्हणतात ना, "एवढे पैसे भरले, काय उपयोग झाला?" १९८७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात चंदीगडच्या आणि लंडनच्या घरांत पेशंटला किती टोचून बोलतात ते मोजलं होतं, तर चंदीगडची माणसं लंडनवाल्यांपेक्षा बरीच कमी टोचत होती. वाचून छान वाटतं, पण ती स्किझोफ्रेनियाचे पेशंट असलेली चंदीगडची घरं होती; सीईटी, कॅप राउंड आणि शेजारच्यांचा मुलगा अमेरिकेत असलेलं सहकारनगर मोजलं असतं तर मी पैज लावली नसती बाई. टोचणं वाढलं की आजार उलटायची शक्यता वाढते, हे मात्र अनेक देशांत दिसलंय. बाबांना बदलायला सांगू नकोस, या वयात कुणी बदलत नाही, त्यांना फक्त एक काम दे, जेवणाच्या ताटावर कॉलेजचा विषय काढायचा नाही. एवढं जमलं तरी खूप.

आंघोळीचं भांडण रोज घालू नका, "आंघोळ कर" हे ऑर्डरसारखं लागतं. वेळ बांधा, समज मंगळवार-शुक्रवार, गीझर कुणीतरी आधी लावून ठेवायचा, टॉवेल-कपडे काढून ठेवायचे, म्हणजे त्याने घ्यायचे निर्णय कमी होतात, कारण त्याला आंघोळ जड नाही, सुरुवात जड आहे. आणि १२ ला उठणाऱ्याला उद्यापासून सकाळी ६ ला तळजाईवर न्यायचं हे तर मनातसुद्धा आणू नका, साडेअकरा करा, मग आठवड्याने अकरा. अभ्यासाचंही तेच, सगळ्या केटी (राहिलेले विषय) एकदम नकोत, सगळ्यात सोपा एक विषय, तोसुद्धा थेरपिस्टशी बोलून.

पथक. बळजबरी अजिबात नको, आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की यंदा मिरवणुकीत त्याने ढोल बांधूच नये. ज्याला गर्दीत लोक आपल्याकडे बघतात असं वाटत होतं त्याला लक्ष्मी रोडच्या गर्दीत उभं करायचं, त्या आवाजात, रात्र रात्र जागून? झोप ही यात क्षुल्लक गोष्ट नाही. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१७ मध्ये ब्रिटनच्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर प्रयोग छापला, सगळे झोप न येणारे, त्यातल्या निम्म्यांना झोपेची ऑनलाइन सीबीटी दिली, तर झोप सुधारलीच पण संशय आणि भासही कमी झाले. तेव्हा रात्रीचं जागरण नको. पण पथक म्हणजे फक्त मिरवणूक थोडीच असते? नदीपात्रात सरावाच्या आधी ढोल ताणायला माणसं लागतात, सामान उतरवायला लागतात, चहा आणायला लागतो. त्याचा जो जुना मित्र अजून फोन करतो (एक तरी असेलच) त्याला विश्वासात घे, सगळं सांगायची गरज नाही, "सध्या त्याची तब्येत बरी नाही, गर्दी झेपत नाही" एवढं पुरे, आणि त्याला म्हण की सराव सुरू व्हायच्या आधी अर्धा तास याला घेऊन जा, दोन ढोल ताणा, चहा प्या आणि पहिला ठोका पडायच्या आत घरी सोड. नाही गेला तर नाही गेला, पुढच्या आठवड्यात परत विचारायचं, न रागावता.

दोन गोष्टी डॉक्टरांना नक्की विचार. थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का, कारण तुमच्याकडे शाकाहारी जेवण असेल तर बी-१२ कमी निघणं काही नवलाचं नाही आणि दोन्हींनी माणूस असाच मंद, गळून गेलेला होतो. आणि हे डिप्रेशन तर नाही ना, किंवा दोन्ही एकत्र, कारण बाहेरून ते सारखंच दिसतं आणि डिप्रेशनला वेगळे उपचार आहेत. तिसरी गोष्ट भावाला विचार, आईबाबा नसताना, आरडाओरडा न करता: गांजा ओढतोस का? हॉस्टेलवरच्या खोल्यांत काय चालतं ते मला सांगू नकोस, बावीस वर्षं ऐकतेय. हो म्हणाला तर भाषण देऊ नकोस, पण एवढं स्पष्ट सांग की बाकी मित्रांचं माहीत नाही, तुझ्यासारख्याला तो सायकोसिसकडे ढकलू शकतो, विशेषतः जास्त कडक माल, आणि ते डॉक्टरांना खरं सांगायचं.

महिन्याच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगून ठेवते. दोन-तीन रात्री सलग झोपलाच नाही तर, "मला माहितीये खरं नसणार" हे वाक्य बंद होऊन "खरंच आहे, तुम्हीपण त्यांना सामील आहात" असं झालं तर, आवाज काही करायला सांगायला लागले तर, जेवण-पाणी सोडलं तर. आणि मरणाचं बोलला तर. ते तू स्वतःहून विचारलंस तरी चालतं, "जगू नये असं वाटतं का रे कधी", विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेलिमानस आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ससूनला मानसोपचार विभाग आहे, खिशाला परवडत नाही म्हणून थांबायचं नाही. धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, सगळे सा म्हणतात, त्यांचं काम नातेवाइकांसाठीही आहे, तू जाऊन बस एकदा. बाबांना मात्र आत्ता नको, पाटीवरचं नाव वाचून ते दारातूनच परत फिरतील, त्यांना आधी थेरपिस्टसमोर एक तास बसव.

राहिलं बंगलोर. जा. तू राहिलीस तर सहा महिन्यांत त्याचा मोबाईल तू भरशील, फॉर्म तू भरशील, बोलणंही तूच करशील, आणि आत्ताच जे थोडं उरलंय तेही तुझ्या हातात येईल. आणि तुझी चिडचिड होईल, जी तू त्याच्यावरच काढशील, मोठ्या बहिणी देवी नसतात. जायच्या आधी डॉक्टर-थेरपिस्टचे नंबर आईच्या फोनमध्ये टाक, पुढची तारीख कॅलेंडरवर बाबांच्या अक्षरात लिहून घे, तुझ्या नको. आणि घरातलं एक काम कायमचं त्याचं करून जा, खरं काम, थेरपी म्हणून दिलेलं खोटं नाही. तुमच्याकडे इस्त्रीवाला सोसायटीच्या खाली बसत असेल ना? मंगळवारी कपडे मोजून द्यायचे, बुधवारी मोजून आणायचे, पैसे त्याच्या हातात. चुकला, विसरला, तर बाबा एक दिवस चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जातील, काही बिघडत नाही. मग बुधवारी रात्री फोन करत जा. कसा आहेस असं विचारू नकोस, त्याचं उत्तर "ठीके" आहे हे आपल्याला माहितीये. इस्त्रीवाल्याने या वेळी बाबांचा कुठला शर्ट जाळला ते विचार.